ऐकले, कळले

टेबलावर पेन्सिल वाजली. टक्.

धाकटी वाचायची थांबली. समोर मामा डोळे मिटून बसले होते. काचेच्या भट्टीपाशी आयुष्य गेल्याने त्यांची बोटं भाजून भाजून राठ झालेली, आणि त्यातल्या दोन बोटांत ती बुटकी पेन्सिल.

"इथे?" तिने विचारलं.

"इथेच."

"काय कळलं नाही?"

"ते सांगता आलं असतं तर वाजवली कशाला असती?" मामा डोळे न उघडता म्हणाले. "पुन्हा वाचा मॅडम. सावकाश."

आता ही पेन्सिलीची काय भानगड, ते आधी सांगायला हवं. ही संस्था वस्तू तपासून देणारी. दवाखान्यांत लागणाऱ्या पेट्या, नळ्या, तापमापक असं काय काय इथे यायचं, आणि इथली मंडळी त्या वस्तूला तापवून, गोठवून, आपटून तिचा जीव नकोसा करायची आणि मग अहवाल लिहायची. फार पूर्वी, ज्या म्हाताऱ्या गृहस्थांनी संस्था काढली त्यांच्या काळात, एक अहवाल असा काही विद्वत्तेने लिहिला गेला की वाचणाऱ्या इस्पितळाने त्याचा बरोब्बर उलटा अर्थ काढला. देवाच्या दयेने कुणाचं काही बिघडलं नाही, पण म्हातारबुवांनी हाय खाल्ली. त्यांनी नियम घातला. कुठलाही अहवाल बाहेर जाण्याआधी संस्थेतल्याच एका माणसाला मोठ्याने वाचून दाखवायचा. अट एकच, त्या माणसाचा त्या कामाशी काडीचा संबंध नको. त्याने सगळं ऐकायचं आणि शेवटच्या पानावर दोन शब्द लिहून सही करायची: 'ऐकले, कळले.' ती सही नसेल तर संचालकांची सही असूनही कागद दाराबाहेर पडत नसे.

म्हातारबुवा गेले, नियम राहिला. तास तास बसून दुसऱ्याचं ऐकायचं म्हणजे काय सोपं काम आहे? एकेकाने अंग काढून घेतलं, आणि गेली सहा वर्षं ते काम मामांच्या गळ्यात पडलं होतं. मामा काचकाम करणारे. तळमजल्यावर बसून नळ्या फुंकायचे, वाकवायचे. सगळ्या संस्थेचे मामा. ऐकताना ते बोलत नसत. वाट चुकली की पेन्सिल वाजवत, बस्स.

आणि धाकटी? घरात दोन बहिणींतली धाकटी, शीतपेट्यांच्या विभागातही वयाने सगळ्यांत लहान, म्हणून घरचं नाव ऑफिसातही येऊन चिकटलेलं. आठ महिने ती एकाच पेटीमागे होती. लस थंड ठेवायची पेटी. खांद्याला अडकवून डोंगर चढता यावा अशी. बाहेर कितीही ऊन असो, आत बर्फ भरल्यावर लस किती तास थंड राहते, एवढंच सांगायचं होतं. नऊ चाचण्या झाल्या. आठांत पेटीने चाळीस तास तग धरला. सातवीत एकतिसाव्या तासाला आतला पारा लसीला सोसेल त्याच्या वर चढला, तो चढतच गेला.

दुपारी चार वाजता वरच्या मजल्यावर समिती बसणार होती. आज मंजुरी मिळाली तर महिन्याभरात पेट्या दवाखान्यांत. आज नाही मिळाली तर समिती पुन्हा बसणार सहा महिन्यांनी. आता वाजले होते पावणेअकरा.

धाकटीने घसा साफ केला आणि अडलेलं वाक्य पुन्हा वाचलं.

"सातव्या चाचणीदरम्यान एकतिसाव्या तासाच्या सुमारास नोंदविण्यात आलेली अंतर्गत तापमानातील वाढ ही पेटीच्या झाकणाच्या हाताळणीशी निगडित बाह्य घटकांमुळे उद्भवली असण्याची शक्यता नाकारता येत नसल्याने सदर चाचणीचे निष्कर्ष सरासरीच्या गणनेतून वगळणे उचित समजण्यात आले आहे."

टक्.

"मामा, आठ पानं झाली, एकदाही वाजली नाही. त्यात गणितं होती, आलेख होते! आणि हे साधं वाक्य?"

"साधं असेल तर साधं करून आणा की," मामा उठत म्हणाले. "भट्टी पेटवून ठेवलीय माझी. साडेबाराला या."

धाकटी जिने दोन दोन पायऱ्या करत चढली. भाषा तपासणाऱ्या गृहस्थांची खोली दुसऱ्या मजल्यावर कोपऱ्यात होती. सगळे त्यांना अनुस्वारराव म्हणत. समोर म्हणत नसत, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि आतून आवडतही होतं. हातात लाल पेन, टेबलावर कोश रचलेले, आणि बाजूला 'भाषा निर्दोष' असा एक शिक्का, जो ते दुसऱ्या कुणालाही उमटवू देत नसत.

"पेन्सिल वाजली," धाकटी म्हणाली.

"कुठे?" त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. वाक्य वाचलं. पुन्हा वाचलं. "व्याकरण चोख आहे. कर्ता, क्रियापद, काना, मात्रा, सगळी मंडळी आपापल्या जागी. पण बाई, केवढं हे वऱ्हाड! 'दरम्यान' आहे, मग 'सुमारास' कशाला? 'सदर' कुणी बोलावलं होतं? 'नोंदविण्यात आलेली' वाढ, म्हणजे न नोंदवलेली वाढ कुणी सांगतं का?"

लाल पेन चालू लागलं. अनुस्वारराव शब्द छाटताना तोंडाने हलकेच 'हं, हं' करत. धाकटी उभीच होती. बसायला खुर्ची होती, पण तिला बसवेना. तिने टेबलावरची टाचणी उचलली, ठेवली, पुन्हा उचलली.

"ती टाचणी ठेवा खाली, हाताला टोचेल. हं. ऐका आता: 'सातव्या चाचणीतील तापमानवाढ झाकणाच्या हाताळणीमुळे झाली असण्याची शक्यता असल्याने ती चाचणी सरासरीत धरलेली नाही.' निम्म्याहून जास्त चरबी उतरली. आता मामाच काय, मामांची भट्टीसुद्धा समजून घेईल."

त्यांनी शिक्का उमटवला. धाकटीला जरा हायसं वाटलं. पण ते दारापर्यंतच टिकलं. जिन्यात तिने ते वाक्य मनातल्या मनात म्हटलं आणि पुन्हा पहिल्यापासून म्हटलं.

तेवढ्यात फोन वाजला. थोरली.

थोरली नर्स. डोंगराच्या पायथ्याशी तिचा दवाखाना, आणि वर विखुरलेल्या नऊ वस्त्या. दर फेरीला ती पेटी खांद्याला लावून निघायची आणि वस्ती वस्ती करत वर चढायची.

"काय गं, झालं का शिक्कामोर्तब?"

"चारला आहे."

"आवाज का असा? जेवलीस का?"

"अगं पावणेबारा वाजतायत, आत्ता कशी जेवू?"

"बरं बाई, नको जेवू. हे बघ, मी सगळा हिशेब मांडलाय. शेवटच्या वस्तीतल्या शेवटच्या घरी मी तेहेतिसाव्या तासाला पोचते. जुनी पेटी बावीस तासांत राम म्हणते, म्हणून आजवर वरच्या तीन वस्त्या सोडून द्याव्या लागायच्या. आता चाळीस! म्हणजे सात तास हातात ठेवून. मी तर वरच्या बायांना निरोपसुद्धा धाडलाय, यंदा येतेय म्हणून."

"निरोप कशाला धाडलास इतक्यात?"

"का? चाळीस आहेत ना?"

धाकटी जिन्याच्या कठड्याला धरून उभी होती. खालून काच तापल्याचा वास येत होता.

"आहेत ना गं?" थोरलीने पुन्हा विचारलं.

"अहवालात चाळीस आहेत," धाकटी म्हणाली आणि फोन ठेवला. ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की बहिणीने विचारलं एक आणि आपण सांगितलं दुसरंच.

साडेबाराला ती मामांसमोर बसली. नवं वाक्य. नीटस, आटोपशीर, शिक्का मारलेलं. तिने ते झटकन वाचून टाकलं आणि पुढच्या ओळीवर उडी मारली.

टक्.

"मामा!" तिने कागद टेबलावर आपटले. "काय चुकलंय यात? व्याकरण चुकलंय? शब्द जास्त आहेत? त्या अनुस्वाररावांनी साल काढून दिलंय याचं!"

मामांनी डोळे उघडले. रागावले नाहीत. उलट समोर रडणारं मूल पाहून माणूस जसा खिशात काही आहे का चाचपतो, तसा त्यांनी टेबलावरचा आपला डबा चाचपला.

"मला त्या पेटीतलं काही कळत नाही हो," ते म्हणाले. "मला फुंकण्यातलं कळतं. नळी फुंकताना कुठे गाठ असली तर डोळ्याला दिसायच्या आधी गालाला कळते, वारा अडतो म्हणून. तुम्ही आठ पानं वाचता तेव्हा पूर्णविरामाला थांबता, श्वास घेता, पुढे जाता. इथे आलात की श्वास घेतच नाही. मागून कुणी हात धरेल म्हणून पळावं, तसं वाचता. सकाळी लांब वाक्य होतं, मी म्हटलं दम लागत असेल. आता आखूड आहे, तरी तेच."

"म्हणजे काय करू?"

"ते मी कसं सांगू? मी काचवाला." त्यांनी डबा पुढे सरकवला. "खाऊन घ्या दोन घास."

तिने खाल्लं नाही. ती सरळ विभागप्रमुख मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. मोठ्या बाई समितीसाठी कागदांच्या चळती लावत होत्या.

"सही झाली?"

"नाही. सातव्या चाचणीपाशी अडतंय."

"अजून? मामांना म्हणावं, ऐका आणि सोडा. आठ चाचण्या उत्तम आहेत. एका चाचणीत कुणी झाकण उघडलं असेल, त्यात काय एवढं?"

"बाई, पण उघडलं होतं का?"

मोठ्या बाईंनी मान वर केली. वाईट नव्हत्या त्या. पेटी उन्हासारख्या तापात ठेवायची गरम खोली त्यांनीच धाकटीला आठ महिने मिळवून दिली होती, दुसऱ्या विभागाशी भांडून. "तूच तर म्हणालीस, असेलही."

आणि हे खरं होतं. त्या दिवशी पारा चढलेला बघून मोठ्या बाईंनी विचारलं होतं, 'झाकण कुणी उघडलं असेल का गं?' आणि दमलेली धाकटी म्हणाली होती, 'असेलही.' एवढाच एक शब्द. मग त्या 'असेलही'ला पहिल्या मसुद्यात 'शक्यता' फुटली, दुसऱ्यात 'नाकारता येत नाही' फुटलं, तिसऱ्यात 'बाह्य घटक' आले. वेल मांडवावर चढावा तसं ते वाक्य चढत गेलं, आणि इतकं दाट झालं की खाली मुळात काय पेरलं होतं ते लावणारीलाही दिसेना.

दीड वाजला. दोन वाजले. धाकटी आपल्या टेबलाशी बसली, उठली, खिडकी उघडली, बंद केली. वाक्य खोडलं, 'शक्यता'च्या जागी 'संभव' घातलं, तो खोडून पुन्हा 'शक्यता' केलं. चहा आला, गार झाला. शेजारचा टंकलेखक म्हणाला, "तुमच्या पायाने माझं टेबल हलतंय हो," तेव्हा तिला कळलं की आपला पाय मघापासून हलतोय.

अडीचला तिने कपाटातून चाचण्यांची वही काढली. खरं तर 'हाताळणी'ला दुसरा शब्द मिळतो का ते बघायला. म्हणजे बघा, अजूनही तिला शब्दच हवा होता!

शीतपेटीच्या चाचणीत एक पद्धत असते. बर्फ भरून झाकण लावलं की झाकण आणि पेटी यांच्यावर मिळून एक कागदी पट्टी डकवायची आणि तिच्यावर आडवी सही करायची. झाकण उघडलं तर पट्टी फाटणार, सही तुटणार. चाचणी संपली की पट्टी ब्लेडने मधोमध कापायची, दोन्ही तुकडे सोडवून वहीत जोडून चिकटवायचे. नऊ चाचण्या, नऊ पट्ट्या.

तिने सातवं पान उघडलं.

पट्टी होती. तिच्यावर तिची सही होती. मधोमध एकच काप, ब्लेडचा, सरळ, चाळिसाव्या तासाला तिने स्वतः मारलेला. आणखी एक चीर नव्हती. चुरगळलेला एक कोपराही नव्हता. आणि शेजारी तिच्याच अक्षरात: 'तास ३१. दुपारी ३. पारा ८ अंशांच्या वर. पट्टी शाबूत.'

पट्टी शाबूत. तिनेच लिहिलं होतं. गरम खोलीत घाम पुसत, पेटीशेजारच्या लोखंडी स्टुलावर बसून. कुणी झाकण उघडलं नव्हतं. आणि तिला हे त्या दिवसापासून माहीत होतं. विसरली नव्हती, फक्त त्याच्यावर इतके शब्द रचून ठेवले होते की तिकडे नजर जायची वेळच येऊ नये.

तेहेतिसाव्या तासाला शेवटचं घर. बहिणीचा आवाज कानात घुमला. एकतीस आणि तेहेतीस. वरच्या वस्तीत कुणीतरी आई पोराचा दंड उघडा करून पुढे धरणार, थोरली हसत सुई टोचणार, आणि सुईत लस म्हणून जे असेल ते कधीच वाया गेलेलं. कुणाला कळणारही नाही. वहीत टोचल्याची खूण होईल, आणि पोर आजारापुढे तसंच उघडं राहील.

तीन वाजून दहा मिनिटं. धाकटीने ते वाक्य उभं-आडवं खोडलं. दुसरं लिहायला तिला एक मिनिटही लागलं नाही. मग पहिल्या पानावर जाऊन तिने 'चाळीस'वरही काट मारली आणि धावत खाली गेली.

मामांनी भट्टी मंद केली, हात पुसले, डोळे मिटले. तिने वाचलं.

"सातव्या चाचणीत एकतिसाव्या तासाला पेटी तापली. झाकण उघडलेले नव्हते. पट्टी शाबूत होती. पेटी का तापली ते आम्हाला माहीत नाही. म्हणून ही पेटी चाळीस तास टिकते, असे आम्ही आज म्हणू शकत नाही."

प्रत्येक पूर्णविरामाला ती थांबली. शेवटच्या पूर्णविरामानंतर तर फारच थांबली.

पेन्सिल वाजली नाही. मामांनी डोळे उघडले, शेवटचं पान ओढून घेतलं आणि त्याच पेन्सिलीने आधी दोन शब्द लिहिले; मग काहीतरी आठवल्यासारखं करून खिशातलं पेन काढलं आणि तेच दोन शब्द शाईने गिरवून खाली सही केली.

"मामा, यामुळे काय होणार माहितीये तुम्हाला?"

"नाही," मामा म्हणाले. "पण कळलं."

वर समितीत फार वेळ लागला नाही. एका वयस्क डॉक्टरांनी विचारलं, "म्हणजे कारण माहीत नाही?" धाकटी म्हणाली, "नाही." त्यांनी पुन्हा विचारलं, "अंदाज?" तिच्या जिभेवर 'असेल' आलं होतं. तिने ते गिळलं. "अंदाज पण नाही. सातव्या चाचणीची पेटी वेगळी होती, दुसऱ्या खेपेत आलेली. ती तळघरात आहे. पुन्हा तपासायला हवी."

पुढची तारीख सहा महिन्यांनंतरची पडली.

जिन्यात मोठ्या बाई तिच्या शेजारून उतरत होत्या. दोन मजले उतरून झाले. मग म्हणाल्या, "आठ महिन्यांत पहिल्यांदाच इतकं थोडक्यात लिहिलंस. आणि नेमकं आजच." आणखी चार पायऱ्या उतरल्यावर म्हणाल्या, "पट्टी मीही बघायला हवी होती." आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

थोरलीचा फोन लगेच आला, जणू ती हातातच धरून बसली होती.

"झालं?"

"नाही झालं, ताई. सहा महिने."

मग जे ऐकावं लागलं ते धाकटीने निमूट ऐकलं. तुम्ही गार खोलीत बसून कागद रंगवता, इथे डोंगर आम्ही चढतो. वरच्या बायांना आता मी काय तोंड दाखवू? शेवटी थोरली दमली.

"पण का?"

"एक पेटी एकतिसाव्या तासाला तापली. झाकण बंद असताना."

नर्स होती ती. एकतीस आणि तेहेतीस तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"सकाळी माहीत होतं तुला?" थोरलीने हळूच विचारलं.

धाकटीने श्वास घेतला. "हो."

"मग सकाळी का नाही बोललीस?"

"बोलता येत नव्हतं."

पलीकडे हिशेबाचा कागद सळसळला. मग थोरली म्हणाली, "ऐक. वाटेत कुठे न थांबता मी आधी थेट वर गेले तर? वस्ती वस्ती न करता. तर वरच्या तिन्ही वस्त्या एकविसाव्या तासापर्यंत उरकतात. खालच्या काय, दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर. त्या खाली उतरल्यावर, ताज्या बर्फावर."

"जुन्या पेटीत? बावीस तासांत?"

"एक तास हातात. धावपळ होईल. आणि ती बावीसला खरंच मरते की त्याही आधी, ते तरी कुणी नीट बघितलंय का?"

"पाठव ती. पट्टी लावून बघते."

"पाठवते. चार दिवसांत परत हवी." मग जरा थांबून, "जेवलीस का?"

"नाही."

"मूर्ख आहेस," थोरली म्हणाली आणि फोन ठेवला.

तळघरातून सातव्या चाचणीची पेटी वर गरम खोलीत आणवली तेव्हा साडेपाच होत आले होते. धाकटीने बर्फ भरला, झाकण दाबलं, पट्टी डकवली, आडवी सही केली. लोखंडी स्टूल ओढून बसली. पाय पुन्हा हलायला लागला होता. तिने त्याच्यावर हात ठेवून पाहिला, थांबेना, मग हलू दिला. वही उघडली आणि लिहिलं: 'तास पहिला. पट्टी शाबूत.'